मदत हवी आहे: प्लेबुक हिरवंगार, यूएफडब्ल्यू चालू, तरी पोर्ट उघडंच!

पैलतीर | गुरुवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. तातडीचं आहे. चार सर्व्हर आहेत, फायरवॉलचे (यूएफडब्ल्यू, उबंटूवरचं साधं फायरवॉल) नियम अ‍ॅन्सिबलने लावतो (प्लेबुक, म्हणजे सूचनांची फाइल, सगळ्या सर्व्हरवर एकदम चालवणारं साधन). बाहेरून येणारं सगळं बंद, फक्त २२ (एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायला), ८० आणि ४४३ (वेबसाइट) चालू. प्लेबुक चालवलं, चारही ठिकाणी हिरवं, एक लाल ओळ नाही. तरी काल ग्राहकाच्या ऑडिटवाल्याने कळवलं की ६३७९ (रेडिस) आणि ५४३२ (पोस्टग्रेस डेटाबेस) बाहेरून उघडे आहेत. मी प्लेबुक अजून तीनदा चालवलं. 'चेंज्ड' शून्य. म्हणजे नियम जागेवर आहेत ना? मग पोर्ट उघडं कसं?

सोमवारी चवथ (गणेश चतुर्थी). शनिवारपासून मी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायच्या कामात असेन, आणि ऑफिसात हे बघणारं दुसरं कोणी नाही. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

पहिला_प्रश्न | ११.२८

ओएस कोणती? मॉड्यूल कुठलं वापरलं? तपासलं कुठून? एनमॅप (पोर्ट तपासायचं साधन) 'ओपन' म्हणतो की 'फिल्टर्ड', म्हणजे अडवलेलं? प्लेबुक कुठे आहे? धागा काढताना एवढ्या चार ओळी लिहायला काय जातं लोकांचं, कोण जाणे.

पैलतीर | ११.३५

उबंटू २२.०४. मॉड्यूल यूएफडब्ल्यूचंच. ऑफिसच्या नेटवरून आणि मोबाइलवरून, दोन्हीकडून 'ओपन'. यूएफडब्ल्यू स्टेटस 'अ‍ॅक्टिव्ह' दाखवतं, 'डिनाय इनकमिंग' दाखवतं. प्लेबुकात ग्राहकाची नावं आहेत, इथे टाकता येणार नाही. पण साधंच आहे हो.

जुनं_खोड | ११.४७

'साधंच आहे' म्हणणाऱ्यांनीच आजवर माझ्या झोपेचं खोबरं केलंय.

चार सर्व्हरना अ‍ॅन्सिबल? चार माणसांच्या पंगतीला आचारी बोलावण्यातला प्रकार. यूएफडब्ल्यू म्हणजे तरी काय, आयपीटेबल्सवर (लिनक्सच्या पॅकेट गाळणाऱ्या नियमांवर) घातलेली झूल. झूल काढा. 'आयपीटेबल्स -एफ' (फ्लश) मारा, जुना गाळ सगळा धुऊन काढा आणि मग नियम एकेक करून हाताने घाला. माझी स्क्रिप्ट चाळीस ओळींची आहे, तीच वर्षानुवर्षं चालवतोय.

कठपुतळी | ११.५५

अ‍ॅन्सिबलची मूळ अडचणच ही. तुम्ही सांगितलेले नियम ते घालतं, पण न सांगितलेले काढत नाही. कोणीतरी कधीतरी हाताने पोर्ट उघडलं असेल, तर ते तसंच राहणार आणि 'चेंज्ड' शून्यच येणार. पपेटच्या (अ‍ॅन्सिबलसारखंच दुसरं साधन) फायरवॉल मॉड्यूलमध्ये 'पर्ज' चालू करा. यादीत नसलेला प्रत्येक नियम उडतो, विषय संपला. एजंट दर ३० मिनिटांनी स्वतःच फिरत असतो, कोणाला बटण दाबायला नको.

पहिला_प्रश्न | १२.०२

सोमवारी चवथ असलेल्या माणसाला गुरुवारी पपेटवर जायला सांगताय?

रानपाखरू | १२.१०

अवांतराबद्दल क्षमस्व. पैलतीर, तुमच्या ओळखीत चोडण (गोवा) लिहिलंय. आम्ही चौघं नोव्हेंबरात सलीम अली अभयारण्यात यायचं म्हणतोय. होडी आधी ठरवावी लागते की तिथेच मिळते?

पैलतीर | १२.५२

संपलं सगळं. जुनं_खोड यांचं ऐकून फ्लश मारला. कमांड तशीच लटकली, काहीच परत येईना. आता एसएसएच नाही. साइटही नाही. ग्राहकाचा फोन दोनदा येऊन गेला. काय करू???

सुका_बांगडा | १२.५४

अरे बाबा, कितें केलें हें! एकाच सर्व्हरवर ना?

पैलतीर | १२.५५

चारही. अ‍ॅन्सिबलनेच मारला, शेल मॉड्यूल, होस्ट 'ऑल'.

सुका_बांगडा | १२.५६

😶

साय_साखर | १२.५८

पैलतीर, घाबरू नका, काही पुसलं गेलेलं नाही. 'एफ'ने नियम उडतात, पॉलिसी (कुठलाच नियम जुळला नाही तर काय करायचं ते) उडत नाही. यूएफडब्ल्यूने 'डिनाय इनकमिंग' करताना इनपुटची पॉलिसी 'ड्रॉप' करून ठेवली आहे. नियम होते तोवर २२ आणि ८० त्यातून सुटत होते, आधी जुळलेली कनेक्शनंही एका नियमाच्या जोरावरच टिकून होती. तो नियमही धुतला गेला, म्हणून तुमचं चालू सेशनसुद्धा जागच्या जागी गोठलं.

फ्लश फक्त मेमरीत झालाय, डिस्कवरच्या फायली जशाच्या तशा आहेत. क्लाउडच्या पॅनलवरून रीबूट करा, यूएफडब्ल्यू चढताना आपले नियम पुन्हा वाचेल. साधा रीबूट हां, 'फोर्स स्टॉप' नको, पोस्टग्रेस आहे ना त्यावर. आणि आधी एकच सर्व्हर. तो नीट वर आला की मग पुढचा.

जुनं_खोड | १.०५

चारही सर्व्हरवर एकदम मारा असं मी कुठे म्हटलं होतं? आणि फ्लशच्या आधी पॉलिसी 'अ‍ॅक्सेप्ट' करायची असते, हे मिसरूड फुटायच्या आधी शिकतात.

पहिला_प्रश्न | १.०९

मग ती ओळ तुमच्या प्रतिसादात का नव्हती? चाळिसात ती कितवी?

जुनं_खोड | १.१४

पहिली. मला ती इतकी अंगवळणी पडली आहे की सांगावीशी वाटली नाही. चूक मान्य. पण माझा मुद्दा तोच आहे. हाताने केलं असतं तर एक सर्व्हर गेला असता. ऑटोमेशनने चार नेले.

पैलतीर | १.४०

चारही वर आले. साय_साखर ताई, देव बरें करूं. ग्राहकाला 'तांत्रिक देखभाल' सांगितलं.

आणि ६३७९ अजून उघडंच आहे.

साय_साखर | १.४६

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं) आहे का तिथे?

पैलतीर | १.४९

हो, अर्थात. रेडिस, पोस्टग्रेस, अ‍ॅप, सगळं कंपोजमध्येच (कंटेनरांची एकत्र यादी) आहे. पण डॉकरचा फायरवॉलशी काय संबंध?

पहिला_प्रश्न | १.५०

🤦 अडीच तास. अडीच तास!

साय_साखर | २.१५

संबंध असा. कंपोजच्या फायलीत तुम्ही 'पोर्ट्स: ६३७९:६३७९' लिहिलं असणार. त्याचा अर्थ 'सर्व्हरच्या प्रत्येक पत्त्यावर हे पोर्ट प्रसिद्ध करा'. त्यासाठी डॉकर स्वतःच आयपीटेबल्समध्ये नियम घालतो, तुम्हाला विचारत नाही. बाहेरून पॅकेट आलं की नॅट टेबलात प्रीराउटिंगलाच त्याचा पत्ता बदलून तो कंटेनरचा होतो. आता ते पॅकेट सर्व्हरसाठी उरलेलंच नाही, पुढे पाठवायचं आहे. त्यामुळे ते इनपुट साखळीत जातच नाही, फॉरवर्डमध्ये जातं. आणि तुमचे नियम सगळे इनपुटवर बसलेत. पहारेकरी दारात उभा आणि पाहुण्याला अंगणातूनच परसात वळवलेलं. पहारेकरी खरंच सांगतो की दारातून कोणी आलं नाही.

म्हणून स्टेटस खरं, प्लेबुक खरं आणि ऑडिटवालाही खरा. डॉकरच्या स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलंय की डॉकर आणि यूएफडब्ल्यू यांचं जमत नाही.

आता उपाय. रेडिसला फक्त शेजारचे कंटेनरच विचारत असतील, तर 'पोर्ट्स'ची ती ओळच काढून टाका. एका कंपोजमधले कंटेनर एकमेकांना सेवेच्या नावाने सापडतात, पोर्ट प्रसिद्ध करायची गरजच नसते. सर्व्हरवरून स्वतःला बघायचं असेल तर '१२७.०.०.१:६३७९:६३७९' असं लिहा. मग 'कंपोज अप -डी' करा. नुसत्या 'रीस्टार्ट'ने कंटेनर जुनाच राहतो, पोर्ट बदलत नाही. हे इतक्या जणांचं चुकतं की मी आता आधीच सांगून टाकते.

जे पोर्ट बाहेर ठेवायचंच आहे पण ठरावीक पत्त्यांनाच, त्याचे नियम 'डॉकर-यूजर' साखळीत घालायचे. ती साखळी डॉकरने आपल्यासाठीच ठेवलेली आहे.

पैलतीर | २.२२

डॉकर-यूजरवर अ‍ॅन्सिबलच्या आयपीटेबल्स मॉड्यूलने ड्रॉप घातला. प्लेबुक पिवळं, 'चेंज्ड' एक. पण पोर्ट उघडंच. असं का??

साय_साखर | २.३१

सांगेपर्यंत थांबला असतात तर. ते मॉड्यूल नियम शेवटी जोडतं. तुमच्या डॉकरच्या आवृत्तीत त्या साखळीच्या तळाशी 'रिटर्न' असेल, तर पॅकेट तिथूनच माघारी फिरतं, खालचा नियम बघतच नाही. 'अ‍ॅक्शन: इन्सर्ट' द्या. इंटरफेसही लिहा, नाहीतर कंटेनरची आपसातली आणि बाहेर जाणारी रहदारीही अडेल. आणि या साखळीत पॅकेट पोचतं तोवर पत्ता बदललेला असतो, म्हणजे ८०८०:८० असेल तर इथे ८० दिसणार. बाहेरचाच आकडा हवा असेल तर कॉनट्रॅकमधला (कनेक्शनांच्या नोंदीतला) मूळ पोर्ट तपासा.

शिवाय या मॉड्यूलने घातलेला नियम रीबूटनंतर राहत नाही. माझ्याकडे तो यूएफडब्ल्यूच्या 'आफ्टर.रूल्स' फायलीत आहे, अ‍ॅन्सिबल फक्त तेवढा भाग टाकतं आणि रीलोड करतं.

कठपुतळी | २.४०

पपेटमध्ये हे...

पहिला_प्रश्न | २.४१

पपेटमध्ये 'पर्ज' चालू असतं तर दर ३० मिनिटांनी डॉकरचे नियमही झाडून निघाले असते. साइट अर्ध्या अर्ध्या तासाने मेली असती. ते तर आणखी मजेशीर.

कठपुतळी | २.४८

साखळीनिहाय पर्ज करता येतं, त्यात 'इग्नोर'ही देता येतो. वाचून बोला.

पहिला_प्रश्न | २.५०

वाचलंय. तुम्ही मघाशी सांगताना ते का वगळलंत, एवढंच विचारतोय. आज या धाग्यावर प्रत्येक जण अर्धंच सांगतोय.

वाटाणे_फुटाणे | ३.०५

हे सगळं मशीनच्या आत का सोडवताय? क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडवाल्यांचं स्वतःचं फायरवॉल) कशाला असतो? तो मशीनच्या बाहेर असतो, डॉकरला त्याला वळसा घालताच येत नाही. तिथे ६३७९ बंद असतं तर हा धागाच निघाला नसता. पैलतीर, तिथे काय ठेवलंय?

पैलतीर | ३.१२

सगळं उघडं.

हसू नका. आधी तिथे फक्त ऑफिसचा आयपी होता. आमचं ऑफिस पर्वरीला, ब्रॉडबँड घरगुती. जुलैत धो धो पाऊस, वीज गेली, राउटर परत चालू झाला तो नवा आयपी घेऊन. मी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीत. एका हातात छत्री, एका हातात मोबाइल, तसा तो आयपी बदलला. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. मग वैतागून सगळं खुलं केलं आणि म्हटलं, आत यूएफडब्ल्यू आहेच की.

वाटाणे_फुटाणे | ३.१५

हे पहिल्याच प्रश्नात लिहायचं होतं.

पैलतीर | ३.१६

यूएफडब्ल्यूचा प्रश्न होता, म्हणून नाही लिहिलं.

सुका_बांगडा | ३.२४

आमचंही असंच होतं, म्हापश्याला. पावसाळ्यात आयपीवर भरवसा ठेवणं म्हणजे वाळवणाला राखण ठेवून झोपणं. वायरगार्ड (व्हीपीएन) बसव. ५१८२० यूडीपी तेवढं उघडं, एसएसएच त्याच्या आतून. ऑफिसचा आयपी दिवसातून दहादा बदलू दे, सर्व्हरला पत्ता नाही, किल्ली कळते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. चवथीआधी करू नको पण. चवथीआधी काहीच नवीन करू नको.

जुनं_खोड | ३.३३

आणि रेडिसला पासवर्ड होता का? नसेल तर ते पोर्ट कधीपासून उघडं होतं ते आधी शोधा. उघड्या रेडिसमधून क्रॉनटॅबमध्ये किंवा एसएसएचच्या ऑथोराइज्ड कीजमध्ये आपली ओळ लिहून जाणं, हा जुना उद्योग आहे. सीपीयू विनाकारण तापलेला दिसला तर समजायचं, दुसऱ्याची नाणी आपल्या विजेवर पाडली जातायत. हे तरी ऐका माझं.

पहिला_प्रश्न | ३.३५

हे मात्र शंभर टक्के खरं. +१

पैलतीर | ५.५०

फेरीत आहे, नेट जाईल, म्हणून भराभर लिहितो.

रेडिसला पासवर्ड नव्हता. क्रॉनटॅब तपासले, कीज तपासल्या, चारही ठिकाणी माझ्याच ओळी. रेडिसमध्ये अनोळखी काही नाही. सीपीयू गार. तरी पासवर्ड घातला.

'पोर्ट्स'च्या ओळी काढल्या, पण या वेळी लिमिट लावून, एकेक सर्व्हर. मोबाइलवरून एनमॅप: ६३७९ पहिल्या तिन्हीकडे 'फिल्टर्ड'. सिक्युरिटी ग्रुपही ८०, ४४३, २२ वर आणला, २२ ला किल्लीशिवाय प्रवेश नाहीच. आता बाकी सगळ्याला 'फिल्टर्ड' येतं. ऑडिटवाल्याला पाठवलं.

चौथ्यावर ५४३२ बंद केल्यावर दहाव्या मिनिटाला मडगावच्या शाखेतून हिशेब बघणाऱ्या बाईंचा फोन. 'रिपोर्ट उघडना!' त्या एक्सेलमधून थेट आमच्या पोस्टग्रेसला जोडून बसल्या होत्या. किती दिवस? म्हणाल्या, आधीचा मुलगा लावून गेला. मी नोकरीला लागायच्या आधीचा.

साय_साखर | ५.५८

त्यांना आज पीडीएफ पाठवा. वायरगार्ड लावाल तेव्हा पहिली किल्ली त्यांची. आणि तेवढ्यासाठी ५४३२ पुन्हा उघडू नका. मडगावचा आयपी तरी कायमचा आहे का ते आधी विचारा.

पैलतीर | ६.०४

विचारलं. म्हणाल्या, 'आयपी म्हणजे?'

रानपाखरू | ६.२०

प्रश्न सुटलेला दिसतोय, अभिनंदन. मग ते होडीचं?

पैलतीर | ६.३१

धक्क्यावर होड्या असतात, पण चौघांना एकत्र हवी असेल तर आधी ठरवलेली बरी. भरतीची वेळ बघून या, ओहोटीला कांदळवनाच्या आतल्या खाडीत होडी जात नाही. चवथ झाल्यावर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देतो.