मदत हवी आहे: नाट्यमंडळाची साईट ब्लॉक झालीये, दाद कुणाकडे मागायची?

संगमेश्वरी
शनिवारपासून आमची साईट उघडत नाहीये. सरकारी यंत्रणेच्या किंवा कोर्टाच्या आदेशावरून बंद, असं काहीतरी इंग्रजीत येतं. इंटरनेट कंपनीला फोन केला तर म्हणे राउटर बंद करून चालू करा! एकांकिका स्पर्धेचे अर्ज त्याच साईटवर भरून घेतो, मुदत तोंडावर आलीये. आदेश कुणाचा हे कसं कळणार? प्रवचन नको, उपाय सांगा.

टेस्टरभाऊ
घरच्या वायफायवर की मोबाईल डेटावर? दोन्हीकडे तेच येतं का? आणि पानावर नेमकं काय लिहिलंय ते टाका, "काहीतरी इंग्रजीत" म्हणजे काय?

नाना_नऱ्हेकर
व्हीपीएन टाका, ब्लॉक चुकवून दुसऱ्या वाटेने साईट उघडते, विषय संपला. मी तर वर्षानुवर्षं वापरतोय.

संगमेश्वरी
नाना, मी टाकेन हो. गावोगावच्या मंडळांना काय सांगू, आधी व्हीपीएन टाका मग अर्ज भरा?
टेस्टरभाऊ, मोबाईलवर उघडतेय. घरी नाही.

काळाकोट
पानावर तळाशी ईमेल आहे का बघा. २०१६ मध्ये 'ढिशूम' सिनेमाच्या चोरीविरुद्धच्या दाव्यात मुंबई हायकोर्टाच्या न्या. गौतम पटेलांनी इंटरनेट कंपन्यांना बजावलं होतं की नुसतं बंद करू नका. कलमं, दाव्याचा क्रमांक आणि तक्रार कुठे करायची तेही पानावर द्या. त्यानंतर काही पानांवर ४८ तासांत तपशील देऊ असं लिहिलेलं असायचं. आदेश कोर्टाचा असेल तर दावा क्रमांक मागा. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खालचा, म्हणजे सरकारी, असेल तर अवघड आहे, २००९ च्या नियमांत गोपनीयतेचं कलम आहे.

स्पॉटदादा
करतात ब्लॉक ते बरंच करतात. शुक्रवारी सिनेमा लागतो, रात्री टेलिग्रामवर हजर. मराठी निर्मात्याचं घर गहाण पडतं. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत केला, तरी कुणाला भीती आहे?

टेस्टरभाऊ
चोराला धरा ना, अख्खी आळी कशाला बंद करता? २०१७ मध्ये मद्रास हायकोर्टातून दोन हिंदी सिनेमांसाठी अडीच हजारांवर पत्त्यांची यादी मंजूर झाली, त्यात वेबॅक मशीनही गेलं! जुनी पानं जपून ठेवणारी साईट ती. यादी वाचली कुणी?

स्पॉटदादा
एक चुकलं म्हणून सगळं सोडायचं का? एक साईट बंद केली की दुसऱ्या नावाने तीच उभी. म्हणून तर २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने नवा दावा न लावता आरसा-साईटी यादीत घालायची सोय केली.

काळाकोट
सोय खरी, पण ज्याची साईट चुकून त्यात गेली त्याला विचारतं कोण? हाच तर वाद आहे.

रमाकाकू
संहिता चोरीला गेली असेल तर कॉपीराइट नियम २०१३, नियम ७५. लेखी तक्रार दिली की ३६ तासांत मजकूर हटवायचा. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश मात्र आणावा लागतो. माझ्या पाककृतींसाठी वापरलाय.

संगमेश्वरी
काकू, आमचं काहीही चोरीला गेलेलं नाही!!

टेस्टरभाऊ
संदेशाचं पान दिसतंय म्हणजे साईट साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर असणार. कुलूपवालं एचटीटीपीएस असतं तर बहुधा नुसतं कनेक्शन तुटलं असतं. होस्टिंग कुठलं, म्हणजे साईट कुणाच्या सर्व्हरवर ठेवलीये?

संगमेश्वरी
गेल्या महिन्यात स्वस्तातलं मिळालं म्हणून बदललं. त्याचा काय संबंध?

टेस्टरभाऊ
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावर, शेकडो साईटी असतात. त्यातली एखादी फुकट सिनेमेवाली असेल आणि तुमच्या इंटरनेट कंपनीने आख्खा आयपीच अडवला असेल, तर तुमच्या मंडळाचं नाव कुठल्याच आदेशात सापडणार नाही. वेगळा आयपी मागा, एचटीटीपीएस लावून घ्या.

नाना_नऱ्हेकर
तोवर व्हीपीएन.

संगमेश्वरी
तळाशी आयडी आहे, मेल केला. होस्टिंगवाल्याकडे आयपी मागितलाय, जादा पैसे सांगतोय. सध्या अर्ज गूगल फॉर्मवर घेतेय. आणि सिनेमाचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या.

स्पॉटदादा
नेतो. पण फॉर्मची लिंक टाका की, आमच्या कॉलनीच्या मंडळालाही भरायचाय. नेपथ्याचं सामान तुम्ही देता का आणावं लागतं?