रिमेक नकोत म्हणता, मग पहिल्या दिवशी तिकीट कोण काढतं?

परळ_टीटी

परवा 'जुनंच_सोनं' यांनी इथे लिहिलं की साय-फायचे (विज्ञानपटांचे) रिमेक आणि सीक्वल म्हणजे आपल्या बालपणावर घातलेला दरोडा, आणि यापुढे जुन्या चित्रपटाला हात लावण्याआधी 'खऱ्या चाहत्यांना' विचारायला हवं. खाली "अगदी मनातलं बोललात"ची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

खरे चाहते म्हणजे कोण हो? २५ जून १९८२ ला अमेरिकेत 'ब्लेड रनर' आणि दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' एकाच दिवशी लागले आणि दोन्ही आपटले. दोन आठवडे आधी आलेल्या 'ई.टी.'साठी मात्र रांगा. आज ज्या दोन चित्रपटांच्या दाराशी तुम्ही काठी घेऊन बसलाय, त्यांना तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आणि ज्या कथेवर कार्पेंटरने 'द थिंग' केला, तिच्यावर १९५१ सालीच एक चित्रपट येऊन गेला होता. क्रोननबर्गचा १९८६ चा 'द फ्लाय' १९५८ च्या चित्रपटावरून. चाहत्यांची परवानगी लागली असती तर दोन्ही झाले नसते.

बरं, 'ब्लेड रनर'चा सीक्वल 'ब्लेड रनर २०४९' घ्या. २०१७. दिग्दर्शक विल्नव्हने जीव ओतला, छायालेखक डीकिन्सला तेरा नामांकनं कोरडी गेल्यावर पहिलं ऑस्कर याच चित्रपटाने दिलं. तोही तिकीटबारीवर झोपला. मी पाहिला तेव्हा थिएटरात मोजकी डोकी होती. खरे चाहते बहुधा सायन सर्कलला अडकले असावेत.

आणि चाहत्यांचं ऐकलं की काय होतं तेही पाहिलंय. २०१५ चा 'स्टार वॉर्स' : तोच वाळवंटातला अनाथ जीव, तोच गोड रोबो, ग्रह उडवणारा तोच गोळा, फक्त मोठा. ओरड झाली की हे तर १९७७ चंच आहे. २०१७ मध्ये पुढच्या भागाने वाट बदलली, तर "हे आमचं स्टार वॉर्सच नव्हे". त्यातल्या नटीला, केली मेरी ट्रॅनला, इतकं छळलं की तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट पुसून टाकल्या. मग २०१९ ला सगळ्यांना खूश करायला निघाले आणि चित्रपट कुणाचाच राहिला नाही. स्टुडिओ लोभी आहेतच, पण त्यांना हा लोभ शिकवतं कोण?

जुनंच_सोनं

माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो, एरवी दिलं नसतं.

सोयीची उदाहरणं छान वेचलीत. 'टोटल रिकॉल' २०१२ आठवतो? मूळ चित्रपटातला मंगळ ग्रहच काढून टाकला! 'रोबोकॉप' २०१४? १९८७ च्या चित्रपटातला सगळा उपहास पुसून काय उरलं, तर चकचकीत काळा पत्रा. आणि तुमच्या लाडक्या 'द थिंग'ची २०११ ची पूर्वकथा : कारागिरांनी महिनोन्‌महिने खपून हाताने राक्षसी प्राण्यांचे यांत्रिक पुतळे बनवले आणि शेवटी त्यांवर संगणकाचं चित्र चिकटवलं. हे चाहत्यांनी मागितलं होतं?

आमच्या चाळीत गणपतीत व्हीसीआर भाड्याने यायचा. वर्गणी काढून. पहाटेपर्यंत तीन कॅसेटी, त्यातली एक हमखास 'टर्मिनेटर'. चित्र हलायचं, आवाज मध्येच गायब, इंग्रजी अर्धं कळायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी गॅलरीत पोरं त्याच चालीने चालायची. त्याचे पुढचे भाग काढून काढून त्यांनी जे केलंय ना, त्याला दरोडाच म्हणतात. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही मल्टिप्लेक्सची पिढी.

परळ_टीटी

माझं वय तुम्हाला कुणी सांगितलं? आणि त्या 'टर्मिनेटर'चा १९९१ चा दुसरा भाग सीक्वलच होता. तो चालतो?

जुनंच_सोनं

तो कॅमेरॉनने स्वतः केला. ज्याचं पोर त्याने वाढवावं.

खाडीपलीकडे

काका, मग 'एलियन्स' कसा चालतो? पहिला 'एलियन' (१९७९) रिडली स्कॉटचा, दुसरा (१९८६) कॅमेरॉनचा. म्हणजे दुसऱ्याचं पोर वाढवलेलं चालतं, फक्त वाढवणारा तुमच्या आवडीचा हवा.

आणि मूळ पोराचं तरी काय सांगता! लुकासने १९९७ ला स्वतःच्याच 'स्टार वॉर्स'मध्ये हान सोलोच्या आधी समोरच्याला गोळी झाडायला लावली. स्पीलबर्गने २००२ ला 'ई.टी.'तल्या बंदुकांच्या जागी वॉकीटॉकी दिले, नंतर स्वतःच पस्तावला. 'ब्लेड रनर'चा १९८२ चा गोड शेवट तर कुब्रिकच्या 'द शायनिंग'मधली उरलेली हेलिकॉप्टरची दृश्यं जोडून केलेला. १९९२ ला काढला, २००७ ला अजून एक 'फायनल' आला. यातलं जुनं सोनं नक्की कुठलं?

खरं सांगू? तुम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतात. चौदाव्या वर्षी सगळंच भारी असतं. मला 'क्रिश' भारी वाटायचा.

जुनंच_सोनं

'क्रिश' आणि 'टर्मिनेटर' एका वाक्यात. विषय संपला.

चुनाभट्टीवाला

हॉलिवूडच्या उष्ट्यावर इतकी भांडणं बघून हसू येतंय. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाने 'कृष्णविवर' आली, पहिली आली, आणि मागाहून कळलं की लेखक जयंत नारळीकर. टीआयएफआर या संशोधन संस्थेत, आपल्या कुलाब्यात, बसून माणूस मराठीत विज्ञानकथा लिहीत होता. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, कपाटं भरतील एवढं साहित्य. त्यावर किती चित्रपट? आणि तुम्ही रडताय मंगळ काढला म्हणून. प्रत्येक धाग्यावर मी हे लिहितो आणि प्रत्येक धाग्यावर लोक पुढे सरकतात.

खाडीपलीकडे

कारण प्रत्येक धाग्यावर तुम्ही हेच लिहिता.

तिसरी_घंटा

रिमेक, सीक्वल, काय हवं ते काढा. आधी ते मध्यांतर बंद करा! 'ग्रॅव्हिटी' ९१ मिनिटांचा. एक्क्याण्णव! बाई अंतराळात गटांगळ्या खातेय, माझा श्वास अडकलाय, आणि खट्‌कन दिवे लागून पडद्यावर गुटख्याविरुद्धची जाहिरात. 'इंटरस्टेलर' २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा लागला तेव्हा घसघशीत तिकीट काढून गेलो, तिथेही तेच. चित्रपटाचा खून करायला रिमेक कशाला हवा?

परळ_टीटी

दादा, विषय वेगळा आहे. पण 'इंटरस्टेलर'चं बोललात ते माझ्याच बाजूचं : दहा वर्षं जुना चित्रपट, घरी बघता येतो, तरी लोकांनी गर्दी केली. नवीन काही नको, तेच पुन्हा हवं. सीक्वलवाल्यांना हेच तर कळलंय.

गोरेगाव_स्लो

मध्यांतर बंद करणाऱ्यांना एकच सांगते, मला मधुमेह आहे. 'ड्यून'चा दुसरा भाग पावणेतीन तास. मध्यांतर नसेल तर मी येऊ नको का? तुमच्या श्वासासाठी मी घरी बसू?

तिसरी_घंटा

ताई, पावणेतीन तासांना ठेवा की. ९१ मिनिटांना कशाला? ते तुमच्यासाठी नाही ठेवत, पॉपकॉर्न खपवण्यासाठी ठेवतात.

गोरेगाव_स्लो

म्हणजे माझी सोय पॉपकॉर्नमुळे होतेय. होऊ दे. पॉपकॉर्नचे आभार.

रीळवाला

सहसा लिहीत नाही. वडील गिरगावातल्या एका थिएटरात ऑपरेटर होते. थिएटर आता नाही, तिथे टॉवर आहे.

दोन हजार फुटांचं एक रीळ, चालायचं वीस-बावीस मिनिटं. दोन मशिनं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो, बघितला असेल तुम्ही. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू, दुसरा दिसला की बदल. प्रेक्षकाला कळता कामा नये. इंग्रजी चित्रपटात मध्यांतराची पाटी बहुतेक नसायचीच. मग वडील आदल्या रात्री रिकाम्या थिएटरात अख्खा चित्रपट बघायचे आणि कुठल्या रिळाच्या शेवटी प्रसंग खरोखर संपतो ते कागदावर लिहून ठेवायचे. मॅनेजर म्हणायचा बरोब्बर मध्यावर तोडा, कँटीनवाला बोंबलतोय. वडील ऐकायचे नाहीत. एकदा पाठलागाच्या मधोमध तोडायला सांगितलं तर चावी काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, म्हणाले तुम्हीच चालवा.

आता सर्व्हरवर मध्यांतराची वेळ टाकून ठेवतात. चित्रपट न बघता. मध्यांतर वाईट नाही, न बघता तोडणं वाईट आहे.

तिसरी_घंटा

वडिलांना नमस्कार. माझा राग त्या वेळ टाकणाऱ्यावरच आहे. पण तरीही, ज्याने चित्रपट बनवला त्याने मध्यांतर ठेवलं नसेल तर ऑपरेटर कोण लागून गेला? क्षमस्व, पण कितीही जाणकार असला तरी.

रीळवाला

कोण लागून गेला ते त्या रात्री तुम्ही अंधारात बसून बघायला हवं होतं. इथे टाइप करायला सोपं आहे.

खाडीपलीकडे

भांडू नका. कुब्रिकच्या '२००१'मध्ये (१९६८) त्याने स्वतःच मध्यांतर ठेवलंय. यानाचा संगणक हॅल काचेआडून दोघा अंतराळवीरांचे ओठ वाचतो आणि तिथे तोडतो. त्याहून चांगली जागा अख्ख्या चित्रपटात नाही. म्हणजे हा फक्त आपल्याकडचा रोग नाही.

जुनंच_सोनं

कुब्रिकचं निघालंच आहे तर. त्याने '२००१'च्या यानाची मॉडेलं मोडून टाकायला लावली, कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून. १९८४ ला त्याचा सीक्वल '२०१०' आला तेव्हा बिचाऱ्यांना जुन्या फिल्मच्या फ्रेमा मोठ्या करून यान नव्याने बनवावं लागलं. याला म्हणतात दूरदृष्टी.

परळ_टीटी

आणि तरीही सीक्वल निघालाच. मॉडेलं मोडूनही थांबला नाही, तुमच्या परवानगीने थांबेल?

जुनंच_सोनं

'द फ्लाय' मान्य. तुमच्या समाधानासाठी. 'द थिंग'ही घ्या, पण तो रिमेक नाही, मूळ कथेवरचा स्वतंत्र चित्रपट आहे. बाकी माझं म्हणणं तसूभरही बदललेलं नाही.

खाडीपलीकडे

म्हणजे जो चांगला झाला तो रिमेक नाही, जो वाईट झाला तो रिमेक. छान. 'ड्यून' १९८४ चा की २०२१ चा?

जुनंच_सोनं

१९८४ चा मला आवडतच नव्हता, त्यामुळे तो प्रश्न लागू होत नाही.

चुनाभट्टीवाला

नारळीकरांच्या कथेवर चित्रपट निघाला तर पहिल्या दिवशी कोण येणार आहे? हात वर करा.

गोरेगाव_स्लो

मध्यांतर आहे का?