मदत हवी आहे: भुसावळच्या उन्हाळ्यात छोट्या केसमध्ये वॉटर कूलिंग

नमस्कार मंडळी. १८ लिटरच्या मिनी-आयटीएक्स (छोट्या मदरबोर्डच्या) कॉम्प्युटर केसमध्ये रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर आहे, थ्रीडी कामासाठी. एअर कूलरवर रेंडर लावला की लगेच ९५ अंश गाठतो आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) उतरतो. २४० मिमीचा एआयओ (पंप-रेडिएटरसह तयार मिळणारा वॉटर कूलर) घ्यावा म्हणतोय. पण पाणी काही खोलीतल्या हवेपेक्षा थंड होणार नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो! रेडिएटरमधून बाहेरची हवा आत ओढू, की आतली गरम हवा बाहेर फेकू? आत ओढली तर रेडिएटरने तापलेल्या हवेत ग्राफिक्स कार्ड भाजेल अशी धास्ती वाटते. की प्रोसेसर ईको मोडमध्ये (कमी विजेच्या सेटिंगवर) १०५ वॅटवर चालवणंच शहाणपणाचं? शिवाय डेझर्ट कूलरने खोली दमट होते, त्याचा मदरबोर्डला त्रास होतो का? जळगाव-धुळ्याकडे कुणी असा सेटअप उन्हाळाभर चालवला असेल तर तापमानाचे आकडे जरूर सांगा.