मदत हवी आहे : शेजारच्या सौर प्रकल्पांचे परस्परावलंबन लोड फ्लोमध्ये कसे धरावे?

नमस्कार. मी बडोद्यात विद्युत अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रबंधासाठी उत्तर गुजरातच्या धर्तीवर रचलेल्या एका छोट्या पारेषण जाळ्याचा प्रॉबेबिलिस्टिक लोड फ्लो (निर्मिती व मागणी अनिश्चित धरून वाहिन्यांतील वीजप्रवाहाची गणना) मी माँटे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक नमुने काढून पुनःपुन्हा गणना करून, करत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मत हवे आहे.

पाटण जिल्ह्यातील चारणका येथे अनेक सौर प्रकल्प एकमेकांना लागून आहेत. अशा प्रत्येक प्रकल्पासाठी बीटा वितरणातून (शून्य ते एक या मर्यादेतल्या मूल्यांचे संभाव्यता वितरण) स्वतंत्रपणे नमुने काढणे सोपे असते. परंतु एकच ढग दोघांवरून सरकत असताना त्यांना स्वतंत्र मानणे मला पटत नाही. दोन प्रकल्पांच्या निर्मितीचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) प्रत्येकी १० मेगावॅट असेल, तर स्वतंत्र धरल्यास बेरजेचे विचलन सुमारे १४ मेगावॅट येते आणि पूर्ण सहसंबंध धरल्यास २० मेगावॅट. दोघांची वीज एकाच वाहिनीतून जात असेल, तर तिच्यावर अतिभार येण्याची संभाव्यता या एका गृहीतकावर फिरते.

सूर्याच्या स्थितीमुळे होणारा बदल अनिश्चित नसतो, म्हणून तो वेगळा काढून मी फक्त क्लिअर-स्काय इंडेक्सला (निरभ्र आकाशातल्या उन्हाच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेले ऊन) यादृच्छिक चल मानले आहे, आणि दिवसाच्या १५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकपैकी उजेडाचेच ब्लॉक घेतले आहेत. खरी अडचण यापुढची आहे. कोप्युला म्हणजे अनेक चलांचे परस्परावलंबन त्यांच्या स्वतंत्र वितरणांपासून वेगळे मांडणारे सूत्र; त्यातल्या गाऊसियन कोप्युलाने एरवीचे दिवस ठीक उतरतात. मात्र सहसंबंध पूर्ण नसेल तर त्यात टोकाचे अवलंबन (टोकाची मूल्ये एकाच वेळी येण्याचा कल) शून्य असते, त्यामुळे पावसाळ्यात सगळ्या प्रकल्पांची निर्मिती एकदम कोसळण्याची शक्यता कमी दिसते. टी-कोप्युलात हे अवलंबन येते, पण मुक्ततेची मात्रा (टोके किती जड हे ठरवणारा आकडा) सर्व जोड्यांसाठी एकच राहते, मग प्रकल्प शेजारी असोत की शंभर किलोमीटर दूर. प्रत्येक जोडीसाठी वेगळे सूत्र जोडत जाणाऱ्या वाइन कोप्युलाकडे वळावे का? मागणीही त्यातच गुंफावी का? (मे महिन्यात आभाळ भरून आले की वातानुकूलनाचा भारही उतरतो, हे बडोदेकरांना सांगायला नको.) मोजक्याच बिंदूंवर गणना करणारी पॉइंट एस्टिमेट पद्धत जलद आहे, पण तिच्यातून फक्त आघूर्ण (सरासरी, विचलन यांसारखी मापे) मिळतात आणि मला वितरणाचे टोक हवे आहे, म्हणून ती बाजूला ठेवली आहे.

प्रतिसाद : आपली शंका रास्त आहे. सर्व प्रकल्पांची आणि मागणीची एकाच कालावधीतली, निदान दोन-तीन वर्षांची १५ मिनिटांची मोजमापे आपल्याकडे असतील, तर कोप्युला बसवण्याआधी ऋतुवार अख्खे दिवस उचलून पुनर्नमुने (नोंदींतूनच पुन्हा काढलेले नमुने) घेऊन पाहावेत. दिवस अखंड उचलल्यामुळे प्रकल्पांमधले, लागोपाठच्या ब्लॉकमधले आणि मागणीशी असलेले अवलंबन जसेच्या तसे टिकते. कोणतेही सूत्र निवडावे लागत नाही. नोंदींत न आलेले टोक मात्र या मार्गाने दिसणार नाही, आणि वाइन कोप्युलाचा विचार मी तेवढ्यापुरता करेन. आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी. वाहिनीची क्षमता ठरवायची असेल तर निर्मितीचेच वितरण लागते; राखीव क्षमता (अंदाज चुकल्यास वापरायची हाताशी ठेवलेली वीजक्षमता) ठरवायची असेल तर अंदाजातील चुकीचे वितरण लागते, आणि त्या चुकांमधला सहसंबंध निर्मितीतल्या सहसंबंधापेक्षा बराच वेगळा असू शकतो. आपला अभ्यास यांपैकी कशासाठी आहे?