बाराखडी पाठ, पण शब्द वाचता येत नाहीत

पाटीपेन्सिल:
वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात तिसरीची मुलं येतात. बाराखडी घडाघडा म्हणतात, पण ‘किराणा’ समोर आला की ‘क… र…’ करत अडतात. बहुतेकांच्या आयांना वाचता येत नाही, मुलांजवळ बसायची तयारी मात्र आहे. क्रम कसा धरावा?

बोरू:
आधी पाठांतर किती आणि ओळख किती ते पाहा. अक्षरकार्डं पिसून एकेक दाखवा. घ-ध, म-भ, ट-ठ-ढ इथे गोंधळ होतो; असली जोडी एकाच दिवशी शिकवू नका. मग ग, म, न, र, ल, क, ब, स एवढी आठच अक्षरं आणि फक्त काना: गाल, बाग, सामान. न पाहिलेल्या दहा शब्दांतले आठ न अडता वाचले, की दुसरी वेलांटी: काकी, बारीक. पहिली वेलांटी मुद्दाम नंतर. ती अक्षराच्या आधी लिहितात पण उच्चार नंतर होतो, म्हणून डावीकडून बोट सरकवणारं मूल तिथे ठेचकाळतं. तुमचा ‘किराणा’ त्यातलाच. तेव्हा निकाल, किनारा, रिकामा घ्या. जोडाक्षरं सर्वांत शेवटी, त्यातही रफार अखेरीस: ‘गर्दी’तला र दिसतो दी-वर, म्हणायचा मात्र त्याच्या आधी.

चिंच:
आयांचं काम शिकवणं नाही, ऐकणं. रोज दहा मिनिटं पुरे. आईने दिवसातलं एक वाक्य सांगावं, “आज बाजारातून लसूण आणला”. तुम्ही ते मोठ्या अक्षरात वहीत लिहून द्या, मुलाने घरी बोट ठेवून वाचावं. वाक्य तिचंच असल्यामुळे वाचताना चूक झाली तर तिला लगेच कळते. घरी अहिराणी किंवा गोरमाटी बोलत असतील, तर वाचलेल्याचा अर्थ त्याच बोलीत सांगू द्या. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं मोफत आहेत, छापूनही घेता येतात. तिथल्या पुस्तकांच्या चार वाचन-पातळ्यांपैकी पहिलीपासूनच सुरू करा, इयत्ता पाहू नका.

पाटीपेन्सिल:
अडलं की शब्द सांगून टाकायचा का?

बोरू:
लगेच नको. मनात पाच मोजा, मग शब्दाचा पुढचा भाग बोटाने झाका: ‘रिका’, मग ‘मा’. तरी नाही आलं तर सांगा आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्या.

चिंच:
आणि फळ्यावरचं उतरवतानाही एखादं मूल सारखं चुकत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. आयांपैकी कुणाला स्वतः शिकायचं असेल तर १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ कार्यक्रम आहे. जवळच्या जिल्हा परिषद किंवा पालिकेच्या शाळेत चौकशी करा.