गोणपाट, तरट, किंतान, बारदान यांत नेमका फरक काय? बियाण्याच्या चाचणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात सोयाबीन घेतो आणि बियाणे घरचेच राखतो, त्यामुळे दरवर्षी मृगापूर्वी त्याची उगवणक्षमता तपासावी लागते. कृषी विभागाच्या पत्रकांत या चाचणीसाठी ‘गोणपाट’ घ्यावे असे सांगितलेले असते. यंदा घरातले जुने गोणपाट उंदरांनी कुरतडले म्हणून बाजारात गेलो, तेव्हा दुकानदाराने ‘किंतान हवे की पोते?’ असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

आमच्या घरी तागाच्या शिवलेल्या पिशवीला पोते किंवा गोणी म्हणतात आणि ती उसवून मोकळी केली, की तिचे गोणपाट होते. (‘गोणी’ हा शब्द पाणिनीच्या सूत्रांतही येतो, इतकी ही वस्तू आपल्याकडे जुनी आहे.) दारात पाय पुसायला, उन्हाळ्यात ओले करून माठाभोवती गुंडाळायला, नव्या बांधकामाच्या खांबांवर पाणी धरून ठेवायला हेच कापड लागते. आई मात्र धान्य वाळवण्यासाठी अनेक पोती दाभणाने, सुतळीने जोडून केलेल्या मोठ्या अंथरणाला तरट म्हणते. आडतीवर सगळेच बारदान, मग ते तागाचे असो वा प्लॅस्टिकचे, कारण तेथे प्रश्न कापडाचा नसून मालाच्या वजनातून रिकाम्या पोत्याचे वजन वजा करण्याचा असतो. किंतान म्हणजे विरळ विणीचे पातळ कापड, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का?

मी शेवटी दाट विणीचे कोरे पोते आणले. त्याला रॉकेलसारखा वास येत होता. तागाचा धागा मुळात ताठ असल्यामुळे गिरणीत तो मऊ करण्यासाठी तेल आणि पाण्याचे मिश्रण लावतात व ते तेल खनिज असेल, तर वास कापडात राहतो, हे मला ठाऊक आहे. अन्नपदार्थांसाठी खास बनवलेल्या पोत्यांत म्हणूनच वनस्पती तेल वापरले जाते. तरीही वेळ नव्हता, म्हणून पोते नुसते पाण्यात बुचकळून मी त्याचे तुकडे केले, दहा-दहाच्या ओळींत 100 दाणे मांडले, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी केली आणि ती सावलीत ठेवली. सातव्या दिवशी उघडले, तर जेमतेम निम्मे दाणे उगवले होते आणि उरलेल्यांतील बरेच बुळबुळीत होऊन कुजले होते. त्याच ढिगातले दाणे शेजारच्या काकांनी जुन्या, धुतलेल्या गोणपाटात ठेवले होते. त्यांचे 70 हून अधिक उगवले. उगवण 70 टक्क्यांच्या खाली आली, तर एकरी बियाणे वाढवावे लागते, म्हणून हा फरक माझ्यासाठी लहान नाही.

हा परिणाम तेलाचा असावा, की दाट विणीत पाणी साचून दाण्यांना हवा न मिळाल्याचा? कोरे पोते सोड्याच्या गरम पाण्यात उकळून तेल निघते का, आणि तसे केल्याने ताग कुजका होतो का? विरळ विणीचे कापड घेतले, तर त्याची दुहेरी घडी चालेल का? ज्यांनी स्वतः ही चाचणी केली आहे, त्यांनी कोणते कापड, कसे धुऊन वापरले ते कृपया सविस्तर लिहावे. बियाणे अजून शिल्लक आहे आणि पाऊस पडण्यापूर्वी मला तीन गुंडाळ्या पुन्हा बांधायच्या आहेत.