अँबॅसिडर: डिस्ट्रिब्युटर बसवल्यावर कार्ब्युरेटरमधून फटाके

डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) काढून परत बसवल्यावर कार्ब्युरेटरमधून फटाके येतात, असा प्रश्न आहे; म्हणजे ठिणगी अर्ध्या फेऱ्याने चुकते आहे. प्लगच्या ताराच कॅपवर दोन-दोन घरं फिरवून लावा, हा त्यावर वर दिलेला सल्ला चुकीचा नाही, गाडी चालेल. पण पुढचा मेकॅनिक डोकं धरून बसेल.

१४८९ सीसीच्या या बी-सिरीज इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टची जीभ मध्यापासून थोडी सरकवलेली असते, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. तुम्ही खालचा ड्राइव्ह गिअर काढला होता का? तो तिरक्या दात्यांचा, आत जाताना फिरतो. अर्धा फेरा चुकतो तो तिथेच.

आधी टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढा. इंजिनाच्या पुढच्या पुलीची खाच खुणेवर आणली की एक आणि चार नंबरचे दोन्ही पिस्टन वर असतात, इथेच माणूस फसतो. चारचे दोन्ही व्हॉल्व्ह जागा बदलताना, म्हणजे एक मिटत आणि दुसरा उघडत असताना दिसले तरच एक नंबर कॉम्प्रेशनवर. रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा तुकडा) आता एकच्या तारेकडे हवा. तिथून घड्याळाच्या उलट तारा १-३-४-२ अशा लावा.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचा; तो उघडला की ठिणगी पडते) गॅप (१५ थाउ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश) टायमिंगच्या, म्हणजे ठिणगीची वेळ लावण्याच्या, आधी लावा, नंतर नको. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि केलेलं टायमिंग पुढे सरकतं. मी एकदा हे उलट केलं आणि अख्खा रविवार घालवला.

मग पुली मॅन्युअलमधल्या अंशावर आणून पॉइंटची तार आणि बॉडी यांत १२ व्होल्टचा बल्ब जोडा, चावी ऑन. डिस्ट्रिब्युटर हळू फिरवा, बल्ब पेटतो त्या क्षणी क्लॅम्प आवळा.